क्रॉस होलचा फोटो आणि पुण्याची पार्टी

परवा तिसऱ्या गेटाजवळ चहा पिताना शेजारच्या शेडातले दादा म्हणाले, तुमच्याकडं पुण्याची पार्टी आली म्हणे, कोण ओळखीचं होतं काय? मी म्हटलं ओळखीचं कोणीच नव्हतं ओ, लिंक्डइनवरून आली. तर म्हणाले, ते नोकरी शोधायचं असतंय नव्हं? पार्टी म्हणजे आमच्या भाषेत काम देणारं गिऱ्हाईक. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, मला हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, कारण आपल्याकडं हातात कसब असलेली माणसं खूप आहेत आणि त्यांचं काम मच्छे-पिरनवाडीच्या पलीकडं कोणाला दिसतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं शेड छोटं आहे. दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची उभी मशीनं, एक सीएनसी लेथ, आप्पांच्या काळातली एक रेडियल ड्रिल आणि आम्ही धरून सात माणसं. हायड्रॉलिकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे, मॅनिफोल्ड ब्लॉक करतो, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणं करून द्यायचं काम. कितीतरी वर्षं दोन पार्ट्यांवर शेड चाललं, दोन्ही इथल्याच, आप्पांच्या शब्दावर आलेल्या. मग त्यातल्या एकीनं काम निम्म्यावर आणलं आणि एक व्हीएमसी सलग तीन आठवडे बंद राहिली. बंद मशीनचा हप्ता काय थांबत नाही. तेव्हा मी लिंक्डइनकडं वळले.

सुरुवात चुकीची झाली. कंपनीचं पेज काढलं, लोगो करून घेतला आणि दर सणाला बॅनर टाकायला लागले, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, मधे एखादा मशीनचा फोटो. फॉलो करणारे कोण, तर माझी मावसभावंडं, सासरची मंडळी आणि कॉलेजच्या मैत्रिणी. आठ महिन्यांत एक इन्क्वायरी नाही. नंतर लक्षात आलं की तिथं लोक माणसाशी बोलतात, पेजशी नाही. पेज असावं, कारण कोणी नाव शोधलं तर काहीतरी सापडायला पाहिजे, पण बोलायचं ते आपल्या नावानं, आपल्या प्रोफाइलवरून.

मग प्रोफाइल धुऊन काढलं. नावाखाली जी ओळ असते तिथं माझ्या नुसतं प्रोप्रायटर आणि पुढं फर्मचं नाव होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? त्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, तिथं सरळ लिहिलं की हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉक, व्हीएमसी जॉबवर्क, कमी क्वांटिटीसुद्धा घेतो, बेळगाव. गावाचं स्पेलिंग दोन्ही टाकलं बरं का. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं तरी पुण्या-मुंबईचा परचेसवाला अजून शोधताना जुनं बेलगामच टाइप करतो. हे सुचायला मला दोन वर्षं लागली, तुम्ही आजच करून टाका.

आता त्या फोटोची गोष्ट. मॅनिफोल्ड ब्लॉक म्हणजे लोखंडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्याच्या पोटात तेल जायला आडवी-उभी होल्स मारलेली असतात आणि ती आत एकमेकांना छेदतात, हीच क्रॉस होल्स. जिथं छेदतात तिथं ड्रिल बाहेर पडताना धातूची बारीक कड राहते, तिला आम्ही बर म्हणतो. बाहेरून काही दिसत नाही, ब्लॉक एकदम चकाचक असतो. पण २०० बारच्या प्रेशरचं तेल फिरायला लागलं की कधीतरी ती कड तुटते, तेलाबरोबर व्हॉल्व्हमधे जाते, आणि तिथं स्पूल, म्हणजे आतला सरकणारा दांडा, आणि तो ज्यात सरकतो त्या बोअरमधे जागा असते फक्त काही मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्पूल अडकला की मशीन उभी. आमचे मामा, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, हा बर काढायला जीव टाकतात. ब्रश फिरवतील, हवा मारतील, परत बॅटरी लावून आत बघतील, समाधान झालं नाही तर परत ब्रश. त्या कामाचं बिलात वेगळं काही येत नाही आणि डिस्पॅच झाल्यावर ते कोणाला दिसतही नाही.

एका दुपारी मी फोनला लावायचा तो बारीक वायरचा कॅमेरा आणला आणि ब्लॉकच्या आत घातला. पहिल्यांदा नुसतं कूलंट दिसलं, मामांनी परत हवा मारली, पुसून घेतलं, आणि मग स्क्रीनवर ती कड दिसली, चंद्रकोरीसारखी, एका बाजूला चमकणारी. फोटो काढला. मामांनी त्यांचं काम केलं, मग तीच जागा परत दाखवली, आता कड गोल, स्वच्छ, बोट फिरवावं अशी. दुसरा फोटो काढला. संध्याकाळी दोन्ही शेजारी शेजारी लावून पाच ओळी साध्या इंग्रजीत लिहिल्या, हा बर, हा सुटला तर काय होतं, आम्ही तो असा काढतो, एका ब्लॉकला सात मिनिटं लागतात. बास. विकत घ्या नाही, आमची क्वालिटी सर्वोत्तम नाही, काही नाही. पहिल्या दोन ओळींतच मुद्दा आणला कारण फोनवर तेवढंच दिसतं, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि कामाच्या गडबडीत कोण लावतंय.

लाइक फार आले नाहीत. पण चौथ्या दिवशी पुण्याजवळच्या चाकणहून एका डिझाइन इंजिनीअरचा मेसेज आला की आमच्या एका पॉवर पॅकला, म्हणजे तेलाला दाब देणाऱ्या युनिटला, हाच त्रास चाललाय, तुम्ही ड्रॉइंग बघाल काय. चार ब्लॉक सॅम्पलला केले, प्रत्येकाचे आतले फोटो सोबत पाठवले. आज ती पार्टी दर महिन्याला काम देते. दीड वर्षात अशी एक कायमची पार्टी आणि एक अधूनमधून येणारी, एवढंच मिळालंय, लाखांची उड्डाणं काही झाली नाहीत. पण ती बंद व्हीएमसी चालू आहे, आणि माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. नंतर एका पार्टीच्या ब्लॉकचा फोटो टाकला, मागं टेबलावर त्यांचं ड्रॉइंग पडलेलं होतं, झूम केल्यावर नंबर वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांचा फोन, आणि ते रागावले ते बरोबरच होतं, त्यांचं डिझाइन ते त्यांचं. लगेच काढून टाकला, माफी मागितली, पुढचे दोन महिने त्यांच्याशी बोलताना मान वर होत नव्हती. आता फोटो काढायच्या आधी टेबलावर निळं कापड अंथरते, पार्टवरचा पंच केलेला नंबर पलीकडं फिरवते, आणि पार्टीला मेसेज करून विचारते. नको म्हणाले तर नको. आपल्याकडं आपण नेहमीच्या साइजचा एखादा डमी ब्लॉक करून ठेवला तर विचारायचीही गरज नाही.

कनेक्ट कोणाला व्हायचं, तर मालकांच्या मागं लागू नका. परचेस, सोर्सिंग, डिझाइन, मेंटेनन्स ही माणसं शोधा, भोसरी, चाकण, कोल्हापूरकडचं शिरोली, गोकुळ शिरगाव, बेंगळुरूचं पीण्या अशा कारखान्यांच्या भागांतली. रिक्वेस्ट पाठवली की लगेच क्वोटेशन फेकायचं नाही. आधी त्यांनी काय लिहिलंय ते वाचा, त्यांच्या पोस्टवर कामाचं काही माहीत असेल तर सांगा. आणि भाषेचा आपल्याला केवढा फायदा आहे बघा, पोस्ट इंग्रजीत टाकते, पण कोल्हापूर-पुण्याच्या माणसाशी मराठीत बोलायला लागले की पाच मिनिटांत गाव, पाहुणे सगळं निघतं, आणि पीण्याच्या माणसाला कन्नडमधे नमस्कार केला की तो मोकळा होतो. आपल्याकडं भाषेवरून आयुष्यभर जे ऐकलं ते ऐकलं, पण या कामात दोन्ही भाषा येणं ही आपली कमाई आहे, असं मला खरंच वाटतं.

महाराष्ट्रातली पार्टी एक शंका हमखास काढते, तुम्ही कर्नाटकात, मग टॅक्सचं कसं? उत्तर तयार ठेवा. आपला जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, त्यांचा २७ नं, म्हणून बिलात आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लागतो आणि त्याचं क्रेडिट त्यांना नेहमीसारखं मिळतं. फक्त त्यांचं मटेरियल जॉबवर्कला इकडं येणार असेल तर किंमत ५०,००० च्या आत असली तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेताना ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, राज्य बदलतंय ना. पुणे साधारण ३४० किलोमीटर, संध्याकाळी ट्रान्सपोर्टला टाकलं की सकाळी तिकडं, हेही सांगा, कारण नकाशात राज्याची रेघ बघून त्यांना आपण फार लांब वाटतो.

आणि जपून राहा. मोठ्या ऑर्डरचं नाव काढून व्हेंडर रजिस्ट्रेशनची फी आधी भरा म्हणणारे मेसेज मला तीनदा आलेत. खरी कंपनी काम द्यायला आपल्याकडून पैसे मागत नाही. मेल कंपनीच्या नावाच्या पत्त्यावरून आलाय काय बघा, जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून नाव, पत्ता, रिटर्न भरलेत काय तेही दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलं नसेल तर करून घ्या आणि नंबर क्वोटेशनवर छापा, २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन आहे, न बघितलेल्या पार्टीशी बोलताना त्याचा आधार होतो.

आप्पा सुरुवातीला म्हणायचे, माल हातात घेतल्याशिवाय कळतंय काय, फोटोत काय बघतात लोक. गेल्या आठवड्यात मी ऑफिसमधे बिलं करत होते तर बाहेरून हाक मारली, अगं कालचा तो मोठा ब्लॉक पॅक करालेत, फोटो काढलीस काय? मामांनी तोपर्यंत निळं कापड अंथरलेलं होतं.

उद्यमबागेतल्या कोणाला प्रोफाइल करून घ्यायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर मी शेडातच असते, या. येताना ज्या पार्टचा तुम्हाला अभिमान आहे असा एखादा बरोबर आणा, कापड आणि कॅमेरा माझ्याकडं आहे.