भेरीच्या काठची जलपर्णी

चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळापासून आमचं घर चालत दहा मिनिटांवर. फेब्रुवारी लागला की पवना दिसेनाशी होते. पाण्याच्या जागी हिरवं मैदान आणि त्यावर जांभळे तुरे. पुलावरून जाणारा पाहुणा मोबाइल काढून फोटो घेतो. आम्ही मात्र दिवेलागणीच्या आधीच खिडक्या लावून घेतो, इतके डास. जलपर्णी म्हणजे नदीला लागलेला रोग, हेच मी कळत्या वयापासून ऐकत आले. त्यामुळे ‘आमच्याकडे ती मुद्दाम ठेवतात, कुंपण घालून सांभाळतात,’ असं कोलकात्याच्या ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. ताई म्हणजे माझी मामेबहीण. लग्न होऊन तिकडे गेली त्याला वीस वर्षं झाली. जानेवारीत आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आणि गेले.

ताईचं घर कसब्यात. (हो, तिकडेही कसबा आहे.) पहाटे साडेचारला निघालो. सायन्स सिटीपाशी बायपास सोडून गाडी बासंती हायवेला लागली आणि धुक्यात धापाचा कचऱ्याचा डोंगर अंधुक दिसला. मग वास सुरू झाला. रस्त्याच्या कडेने शहराच्या सांडपाण्याचा कालवा वाहतो. पाणी काळंभोर, वर फेस. मी ओढणी नाकाला लावली. ताई म्हणाली, “आत्ता लाव. परत येताना मी विचारीन.”

कोलकात्याची जमीन हुगळीच्या काठाला उंच आणि पूर्वेकडे उतरती. त्यामुळे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात गटारं बांधली तीही पूर्वेकडेच वळवली, बिद्याधरी नदीत. गाळ साचत साचत नदीच मेली. १९२८ साली ती मृत असल्याचं सरकारनेच जाहीर केलं. भरतीचं खारं पाणी येणं थांबलं आणि खाजणातले तलाव सुकायला लागले. तिथल्या मच्छीमारांनी मग तलावांत शहराचं सांडपाणी घ्यायला सुरुवात केली. मासे मरण्याऐवजी पोसले गेले. पुढे सांडपाणी कुल्टी नदीपर्यंत नेणारे कालवे झाले आणि त्या कालव्यांच्या दोन्ही अंगांना हा पसारा वाढला. या तलावांना तिकडे ‘भेरी’ म्हणतात. आज अडीचशेच्या वर भेरी आहेत. भेरी, भातशेती, भाजीचे मळे असं सगळं धरून क्षेत्र साडेबारा हजार हेक्टर. रोज पंचाहत्तर कोटी लिटरच्या आसपास सांडपाणी इथे येतं. जे काम आपण सिमेंटच्या टाक्या, पंप आणि विजेवर करायला जातो, ते इथे उघड्या आभाळाखाली चालतं.

बांतलाच्या अलीकडे गाडी सोडून आम्ही बांधावरून चालायला लागलो. उजाडत होतं. एका भेरीवर ताईच्या ओळखीचे एक दादा होते, साठीच्या पुढचे. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला गमछा. ते पाण्याकडे टक लावून बसले होते. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. मला वाटलं, खाणं मागताहेत. दादा उठले आणि कालव्याकडच्या तोंडाशी गेले. फळी खाली सरकवली, सांडपाणी बंद. ताईने विचारलं, कसं कळलं? ते म्हणाले, “जोल देखे बोझा जाय, दिदी.” पाणी बघून कळतं.

झालं होतं ते असं. सांडपाण्यातल्या घाणीवर जिवाणू जगतात आणि ती कुजवून साधी करतात. त्यातून सुटलेल्या खतावर शेवाळ वाढतं. शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडतं, तो जिवाणूंना आणि माशांना पुरतो. मासे शेवाळ खातात, म्हणून ते माजत नाही. पण रात्री ऊन नसतं. तेव्हा शेवाळही प्राणवायू ओढतं आणि पहाटे तलावात त्याचा सगळ्यात तुटवडा असतो. त्यातच सांडपाणी जास्त झालं तर मासे वर येऊन धापा टाकतात. त्या वर्तुळांवरून दादांना कळलं की आता पाणी थांबवायला हवं. भेरी कमरेइतकीच खोल ठेवतात तीही म्हणूनच. ऊन तळापर्यंत पोचलं पाहिजे. दरवर्षी थंडीत भेरी उपसतात, तळ वाळवतात, नांगरतात, चुना टाकतात. मग सांडपाणी घेऊन दोन-तीन आठवडे नुसतं पडू देतात. काळ्याचं हिरवं झालं की त्यात मासे.

आता ज्यासाठी मी एवढी गेले ती जलपर्णी. तिकडचं नाव कचुरीपाना. बांधापासून चार-पाच हातांवर पाण्यात बांबू रोवलेले, त्यांना आडवे बांबू बांधलेले. ते कुंपण आणि बांध यांच्यामधल्या पट्ट्यात जलपर्णी दाटलेली. कुंपणाबाहेर पाणी मोकळं. मी एक रोप ओढून काढलं. देठ फुगीर, दाबला तर आतून स्पंजासारखा. खाली हातभर लांब मुळं, जांभळट काळी, पिसासारखी, आणि प्रत्येक केसाला चिकटलेला गाळ. पाण्यात हलवलं तर धुरासारखा काळा लोट सुटला. मुळांत दोन गोगलगायी आणि नखाएवढी एक कोळंबी होती. ही मुळं गाळ अडवतात, पाण्यातलं नत्र आणि स्फुरद शोषतात, शिसं आणि क्रोमियमसारखे जड धातूही धरून ठेवतात. शिवाय वाऱ्याच्या लाटा बांधावर आपटत नाहीत आणि उन्हाच्या वेळी माशांना सावली मिळते.

गंमत म्हणजे हीच वनस्पती एकेकाळी बंगालचा काळ झाली होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली. इथे आली आणि नद्या, नाले, भातखाचरं भरून टाकली. तिच्या बंदोबस्तासाठी १९३६ साली बंगालमध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला. त्याच बंगालमध्ये आज ती बांबूच्या आत कामाला लावली आहे.

दादा आणि दोन पोरं पाण्यात उतरली आणि कुंपणाला भिडलेली जुनी रोपं ओढून बांधावर टाकू लागली. मी विचारलं, एवढी चांगली वाढलेली का काढताय? उत्तर ताईने दोनदा म्हणवून घेतलं, माझ्यासाठी. “ओटा ना तुलले पोचे जाबे.” नाही काढली तर कुजेल.

हे मला चिंचवडला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण असं नाही. जलपर्णी पाणी साफ करते म्हणजे पाण्यातलं खत आणि विष स्वतःच्या अंगात घेते. रोप तिथेच मेलं, सडलं, तर घेतलेलं सगळं पाण्याला परत. वर सडताना प्राणवायू खाते तो वेगळाच. म्हणजे पाणी रोपाने नुसतं साफ होत नाही. रोप वाढतं आणि माणूस ते बाहेर काढतो, तेव्हा साफ होतं. आमच्या पवनेत पहिलं अर्धं काम दरवर्षी बिनबोभाट होतं. दुसरं अर्धं राहतं. गेल्या वर्षी काढलेले ढीग काठावरच पडून होते आणि पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात गेले, हे मी गॅलरीतून पाहिलंय.

मला त्या क्षणी राजापूरकडचं आजोळ आठवलं. मोरीचं पाणी चरातून परसात जायचं. आधी कर्दळीचं बेट, मग अळू, शेवटी केळी. विहिरीजवळ कधी वास आला नाही. आजी आठवड्याला तो चर उपसायची, कर्दळीची जुनी पानं कोयत्याने उतरवायची. आम्ही पोरं फक्त केळ्यांकडे बघायचो.

धातूंचं मात्र वेगळं आहे आणि ते लपवून चालणार नाही. मैला कुजतो, क्रोमियम कुजत नाही. रोपाने तो मुळांत घेतला तरी तो क्रोमियमच राहतो, फक्त जागा बदलतो. या भागाच्या आसपास वर्षानुवर्षं क्रोमियम वापरून चामडं कमावण्याचा धंदा आहे. कोलकात्याच्या टांगरा-तपसिया भागातले हे कारखाने हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. कालव्यांच्या गाळात जड धातू सापडलेले आहेत. कारखान्याचं पाणी कारखान्याच्या दारातच वेगळं शुद्ध व्हायला हवं. शेवाळ आणि कचुरीपाना यांच्यावर तो भार टाकणं अन्याय आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

चहा पिताना दादांनी ध्रुवज्योती घोष यांचं नाव काढलं. हे सरकारी अभियंते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराच्या सांडपाण्याचं काय होतं हे शोधायला कालव्याच्या कडेकडेने चालत निघाले आणि इथे येऊन पोचले. मच्छीमारांना जे पिढ्यांपासून ठाऊक होतं ते त्यांनी मोजलं, लिहिलं, नकाशावर आणलं. भेरी बुजवून इमारती उठत होत्या. १९९२ साली कोलकाता उच्च न्यायालयाने त्याला आळा घातला. २००२ साली ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, २००६ साली राज्याने संरक्षणाचा कायदा केला. घोष २०१८ साली गेले. तरी बांधावर उभं राहिलं की पश्चिमेला उंच इमारती दिसतात आणि त्या जवळ येताहेत असं वाटत राहतं.

सूर्य वर आला तशी सायकलींची रांग निघाली. मागे ॲल्युमिनियमच्या हंड्या, हंडीत जिवंत मासे. थांबलं की सायकलवाला तळहाताने हंडीतल्या पाण्यावर थापट्या मारतो, हवा मिसळावी म्हणून. थप थप थप, सगळ्या बांधावर तोच आवाज.

शेवटी दादांनी आम्हाला भेरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथून पाणी भातखाचरात सोडलेलं, बायका रोपं लावत होत्या. मी ओंजळ भरून पाणी वर धरलं. किंचित हिरवं. वास फक्त ओल्या मातीचा. ताई माझ्या ओढणीकडे बघत होती. ती कधीची खांद्यावर आली होती.

परत येऊन तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी आमच्या इमारतीतले सहाजण गमबूट आणि हातमोजे घालून घाटाच्या कडेने उतरलो. दोन तासांत चौदा पाट्या निघाल्या. ओली जलपर्णी किती जड असते ते उचलल्याशिवाय कळत नाही. पवनेत कारखान्यांचंही पाणी येतं, म्हणून तिचं खत भाजीला घालायचं नाही असं ठरवलंय. पुरापासून लांब, वरच्या पडीक जागेत खड्डा घेतलाय, त्यात ती कुजवून शोभेच्या झाडांना घालू. पुढच्या रविवारी सकाळी सातला पुन्हा उतरणार आहोत. पाट्या कमी पडतात. कोणाकडे असतील तर घेऊन या.