दहा हजार पावलं आणि पँटची कंबर

"दिवसाला दहा हजार पावलं व्हायलाच हवीत का हो?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न मला क्लिनिकात, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असताना, असा कुठेही विचारतात. बहुतेक वेळा "नाही" म्हणून मोकळी होते. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैठक मारून सांगते.

माझ्याकडे एक काकू येतात. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांची झीज. मुलाने वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि काकूंच्या मागे दहा हजारांचं व्रत लागलं. रात्री अकराला आकडा साडेआठ हजारांवर अडकलेला दिसला की डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या सुरू, एक हात टेबलाच्या कडेवर. सून म्हणायची, "आई, झोपा आता." यांचं उत्तर, "दीडच हजार राहिलीत गं." आल्या तेव्हा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता, आणि वाईट कशाचं वाटत होतं, तर दोन दिवस पावलं बुडाली याचं. एकादशीला चुकून वरणभात खाल्ल्यासारखा चेहरा.

हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल, तोंडात बसणारा. बारसं आधी झालं, मोठे अभ्यास कितीतरी नंतर आले.

चालण्याफिरण्याचा आणि हृदयाचा संबंध मात्र त्याआधीच दिसला होता, आणि तोही बसमध्ये. लंडनला जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला: कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. मोठ्या उत्साहाने त्यांना हे वाचून दाखवलं. ते चहा ढवळत म्हणाले, "आमच्या डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे. एक वर, एक खाली. मी खालचा." लंडनचा जिना मुंबईत बाबांच्या वाट्याला आलाच नव्हता! तेव्हापासून कुठलंही संशोधन वाचलं की मी आधी बघते, ही माणसं कोण होती आणि त्यांचा दिवस कसा जायचा.

पण मॉरिस मला आवडतात ते पुढच्या कामासाठी. त्यांना स्वतःच्याच निष्कर्षावर शंका आली. जाडी माणसंच मुळात ड्रायव्हरकीकडे वळत असतील तर? मग त्यांनी बसवाल्यांच्या गणवेशाची मापं मिळवली. खरंच, ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी निघाली, नोकरीला नवे लागलेल्यांचीसुद्धा. म्हणजे शंका अर्धी खरी ठरली. पण बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर समोरासमोर ठेवले, तरी कंडक्टरच उजवे ठरले. गणवेशाच्या मापांचा अभ्यास त्यांनी १९५६ साली मांडला.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक करणारे जास्त जगतात' असं आलं की मी विचारते, पँट मोजली का? करतात म्हणून जगतात, की मुळात धडधाकट आहेत म्हणून त्यांना ते करता येतं?

२०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. कमरेला आठवडाभर यंत्र, मग चारेक वर्षं लक्ष. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. इथेही पँट मोजावी लागतेच, कारण आजारी बाई चालतेच कमी. वय, सिगारेट, आजारपणं यांचा हिशेब धरला तरी फरक उरला. शंका मात्र अशा पाहणीत पूर्ण पुसली जात नाही. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळ्यात मोठी उडी खालच्या टोकाला आहे. जो जवळजवळ चालतच नाही, त्याने थोडं चालावं. नऊ हजारवाल्याने शेवटच्या हजारासाठी रात्री टेबलाभोवती फिरायचं कारण नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता साडेसात हजार करू का?"

मी कपाळाला हात लावला. मग त्यांना घड्याळ काढायला लावलं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, आणि हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणं-बसणं. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा आधार लागतो, पावलांच्या बेरजेचा नाही. पहिल्या आठवड्यात हात टेकल्याशिवाय तीनदाच उठता आलं. महिन्याभराने आठदा.

घड्याळ सध्या त्यांच्या फ्रिजवर असतं. कुकरच्या शिट्टीनंतरची दहा मिनिटं त्यावर बघतात म्हणे.