अकरा बेचाळीस, अकरा सेहेचाळीस

मी आयर्लंडमध्ये रॉकेल विकणाऱ्या एका कंपनीत काम करते. आपल्याकडे रॉकेल म्हटलं की रेशनची रांग आणि पत्र्याचा डबा आठवतो. इथे खेड्यापाड्यांत घराच्या मागे हिरवी प्लॅस्टिकची टाकी असते, टँकर येऊन ती भरून जातो आणि त्यावर घर गरम राहतं, कारण गावाबाहेर गॅसची पाइपलाइन पोचलेली नसते. टाकी तळाला गेली की माणसं चार डेपोंना फोन लावतात, "पाचशे लिटरचे किती?" विचारतात आणि जो पाच-दहा युरो कमी सांगेल त्याचा टँकर बोलावतात. आमचा सगळा धंदा त्या पाच-दहा युरोंवर उभा आहे.

माझं पद कम्प्लायन्स ऑफिसरचं, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते ना ते बघायचं. पुण्यात एलएलबी, डब्लिनला एलएलएम, मग इथे. टँकरचे परवाने, ड्रायव्हरांचं प्रशिक्षण, ग्राहकांच्या तक्रारी, यातच दिवस जातात. वर्षातून एकदा मी विक्री विभागाला स्पर्धा कायदा शिकवते. २००२ चा कॉम्पिटिशन ॲक्ट, कलम ४: प्रतिस्पर्ध्यांनी मिळून भाव ठरवायचे नाहीत. ठरवले तर तो फौजदारी गुन्हा, २०१२ पासून दहा वर्षांपर्यंत कैद. सप्टेंबर २०२३ पासून दिवाणी मार्गानंही दंड होऊ शकतो, एक कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीचे १० टक्के, यांतलं जे जास्त ते. २००६ मध्ये गॉलवेच्या कोर्टात या कायद्याखाली शिक्षा झाल्या, त्याही घर गरम ठेवायचं तेल विकणाऱ्यांनाच. एकाला सहा महिन्यांची कैद झाली, ती स्थगित ठेवली गेली. "स्थगित" हा शब्द ऐकला की वर्गातले चेहरे सैलावतात. दरवर्षी बघते आणि दरवर्षी चिडते.

हा विषय माझ्यासाठी नुसता नोकरीचा नाही. माझे वडील निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. लहानपणी ट्रॅक्टरवर बसून मी त्यांच्याबरोबर लिलावाला जायची. बोली चढत जायची आणि एका आकड्याला अशी थांबायची, जणू सगळ्यांनी एकदमच तोंड मिटलं. वडील खालच्या आवाजात म्हणायचे, "रिंग केली." पुढे बोलायची सोय नव्हती. माल परत न्यायचा तर भाडं दुप्पट. म्हणून "कोणाचं काय बिघडतंय?" असं कोणी म्हणालं की मला ती ट्रॉली दिसते.

तर एप्रिल २०२४. आयर्लंडच्या मधल्या भागातल्या एका हॉटेलात आमच्या धंद्यातल्या आठ-नऊ कंपन्यांची बैठक होती. विषय टँकरची सुरक्षितता. प्रतिस्पर्धी एका खोलीत बसणार म्हणून विषयपत्रिका मी आधी ओळ न् ओळ तपासली होती, इतिवृत्त लिहायला माणूस बसवायला लावला होता. पण चहाच्या सुट्टीत इतिवृत्त थांबतं. तेवढी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

१ मेपासून घरगुती इंधनावरचा कार्बन कर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे ४८.५० वरून ५६ युरो होणार होता. रॉकेलला ते लिटरमागे जवळजवळ दोन सेंट पडतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांचेच भाव दोन सेंटांनी चढणार हेही. त्यात काहीच गैर नाही. ज्यानं त्यानं आपापल्या टेबलाशी हिशोब करून भाव वाढवला आणि तो शेजाऱ्याच्या भावाइतकाच निघाला, तर कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती आपसात बोलून ठरवण्याला.

चहाच्या टेबलाशी सत्तरीचे एक मालक उभे होते. तीन टँकरचा धंदा, मुलगा ऑस्ट्रेलियात. उजव्या अंगठ्याचं नख जुन्या जखमेनं काळं पडलेलं, कोटाला रॉकेलचा वास. मला बघितलं की आधी माझ्या मुलीची शाळा विचारणारे. त्यांनी चहात साखर घातली आणि ढवळता ढवळता म्हणाले, "दोन सेंट तर सरकारच वाढवतंय. चार केले तर कोणाला कळणार आहे? सगळ्यांनीच केले तर."

कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाहीही म्हणालं नाही. एक जण कपात बघत राहिला, एकानं नुसतं "हं" केलं.

अशा वेळी काय करायचं ते मीच शिकवते: स्पष्ट बोला, उठा, आणि तुम्ही गेलात हे सगळ्यांच्या लक्षात राहील असं जा. आमचे सॉलिसिटर तर सांगतात, गरज पडली तर कप पाडा. मी कप पाडला नाही. म्हणाले, "हे बोलणं थांबवा. मी यात नाही, आमची कंपनीही नाही. मी बाहेर गेले याची नोंद करा." आवाज कापत होता. बाहेर येऊन मोबाइल बघितला: अकरा बेचाळीस.

आमचा विक्री व्यवस्थापक माझ्या शेजारी उभा होता. तो मागोमाग येईल असं मी धरून चालले होते. तो आला अकरा सेहेचाळीसला.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी एक शब्दही बोललो नाही." अडचण नेमकी तीच आहे. गप्प राहिलेला माणूस कायद्याच्या लेखी सहमत धरला जाऊ शकतो. आणि अशी एकच बैठक पुरते, हे युरोपीय न्यायालयानं २००९ मध्ये टी-मोबाइल नेदरलँड्सच्या खटल्यात सांगून ठेवलंय. मी पार्किंगमध्येच दोन्ही वेळा लिहून काढल्या. त्या चार मिनिटांत काय बोलणं झालं विचारलं, तर म्हणाला, हर्लिंगच्या सामन्याचं.

दुसऱ्या दिवशी आमचे मालक, सॉलिसिटर आणि मी बसलो. इथली स्पर्धा आणि ग्राहक संरक्षण संस्था, सीसीपीसी, सरकारी अभियोक्त्यांसोबत एक योजना चालवते: संगनमताची माहिती घेऊन जो पहिला येईल त्याला खटल्यातून माफी मिळू शकते. फक्त पहिल्याला. फोन करून रांगेत नंबर धरून ठेवता येतो. मी म्हणाले, आज फोन करा. आमचा गुन्हा ठरतो की नाही ते नंतर बघू.

मालकांनी दोन दिवस घेतले. ते आणि तो म्हातारा एकाच चर्चचे, एकाच क्लबचे. मार्च २०१८ च्या बर्फात रस्ते बंद झाले, तेव्हा तोच म्हातारा ट्रॅक्टरवर कॅन घालून दारोदार रॉकेल देत फिरला होता. पैसे नंतर द्या म्हणून. हे मालकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. शेवटी फोन झाला नाही. आमचे भाव आम्ही एकटे ठरवतो, असं पत्र सॉलिसिटरमार्फत बैठकीतल्या सगळ्यांना गेलं. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तसं मी लिहून दिलंय.

१ मेला आमचा भाव दोन सेंटांनी चढला. इतरांचे भाव मी कोणत्याही ग्राहकासारखे फोनवर विचारून घेतले. कोणाचे दोन, एकाचे तीन, दोघांचे चार. त्या आठवड्यात घाऊक भावही हलला होता, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही. तो आकड्यांचा कागद तरीही मी फाडलेला नाही. चार सेंट जास्त देऊन रॉकेल घेतलेल्या कोणा म्हातारीला हे कधीच कळणार नाही, आणि तिच्या वतीनं विचारणारं त्या खोलीत मी सोडून कोणी नव्हतं.

सॉलिसिटरनं व्यवस्थापकाकडूनही लेखी घेतलंय. तो सज्जन माणूस आहे, मी त्याला सहा वर्षं ओळखते. त्याच्या जबाबात लिहिलंय, "तिच्या मागोमाग लगेच बाहेर आलो." वेळ नाही. माझ्या टिपणात दोन्ही वेळा आहेत. दोन्ही कागद एकाच फाइलीत लागलेत.

गेल्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी थांबला. जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी तुझं घड्याळ पुढे नव्हतं ना?"

मी सांगितलं, घड्याळ मोबाइलचं होतं. दोन्ही वेळा तेच बघितलं.