तुम्ही विचारलंत म्हणून: साताऱ्यात अमेरिकेचे पिक्चर कशाला?

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या पेठेतल्या वाचनालयात आम्ही पिक्चर दाखवतो, वर्णभेद, जात, इतिहास असल्या विषयांवरचे, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच की अहो, साताऱ्यातल्या माणसाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं काय पडलंय. परवा एसटी स्टँडवर पण एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, गाडी लागली होती, धड सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हे नातं आम्ही जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि त्यांनी १८७३ साली गुलामगिरी लिहिलं तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी संपवायला झटलेल्या माणसांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळ्यांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, की तुमच्या लोकांची आणि आमच्या अस्पृश्यांची स्थिती फार सारखी आहे. आता वंश आणि जात एक नव्हे, हेही बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय आणि आम्ही ते दर वेळी सांगतो, पण अपमान कसा करतात याची रीत मात्र दोन्हीकडं ओळखीची वाटते.

आणि बाबासाहेब लहानपणी शाळेत गेले कुठं, तर इथंच साताऱ्यात. वर्गात बसायला स्वतःचं गोणपाट, ते रोज घरनं आणायचं आणि परत न्यायचं, तहान लागली तर शिपाई पाणी देणार, शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ साली बाबासाहेब आणि घरातली लहान पोरं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनला उतरली, जात कळल्यावर एक गाडीवान तयार होईना, शेवटी दुप्पट भाडं देऊन बैलगाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार असं ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. मसूर आपल्याला माहितीये ना, कराड तालुक्यातलं, तेच.

मग थेट जातीवरचेच पिक्चर का नाही? तेही दाखवतो. पण माझा अनुभव असा की ते लावले की लाईट लागल्यावर माणसं एकमेकांकडं बघायला लागतात, कोण कुणाच्यातलं, कुणाला काय लागलं असेल, आणि चहा घेऊन गप घरी जातात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात कुणाचेच पाव्हणे नसतात, त्यामुळं तिथलं बघताना माणूस मोकळा होतो आणि मग इथलं बोलतो. एका सभासदानं जुनं कशाला उकरता म्हणून वर्गणी बंद केली, मला वाईट वाटलं, पण ज्यांच्या अंगावर ते गेलंय त्यांच्यासाठी ते जुनं झालेलं नाही.

गेल्या वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरी शहराच्या बस बहिष्कारावरची डॉक्युमेंटरी लावली होती. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या काळ्या बाई गोऱ्या प्रवाशासाठी सीटवरनं उठल्या नाहीत, अटक झाली, आणि मग तिथले काळे लोक ३८१ दिवस बसमध्ये चढलेच नाहीत, कामाला पण चालत गेले. सबटायटल इंग्रजीत आणि आमच्याकडं निम्मी माणसं साठीच्या पुढची, त्यामुळं दर दहा मिनिटांनी पॉज करून मराठीत सांगायचं असं चालतं. मी पॉज केलं तेव्हा पडद्यावर एक बाई पर्स छातीशी धरून रस्त्याच्या कडेनं चालता चालता थांबलेली. मागनं एक आजी बोलल्या, "आमच्यात बस नव्हती, पाणवठा होता."

मग त्या सांगायला लागल्या, घागर घिऊन लांब उभं ऱ्हायचं, ऊन डोक्यावर येईस्तवर, कुणाला दया आली तर वरनं वतायचं, न्हाईतर रिकामीच घागर घरला. सांगताना हात घागर धरल्यासारखे कमरेशी गेलेले. शेजारी त्यांची नात बसलेली, कॉलेजला जाणारी, तिनं मोबाईल उलटा मांडीवर ठेवला.

"कुठली विहीर आजी?"

"चिंचेखालची."

"मी पोहायला शिकले ती?"

"तीच."

त्या दिवशी पुढचं बघायचं राहूनच गेलं, रात्री साडेदहापर्यंत माणसं बोलत होती. उरलेली डॉक्युमेंटरी पुढच्या महिन्यात लावली.