थोडं सरकवलं की झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे बहुधा इंजिनियर असतात आणि प्रश्न साधारण एकच असतो: ‘समीकरण जवळजवळ पाळलं जातंय ना? मग आकडे थोडे सरकवून ते तंतोतंत करून टाका. त्यात संशोधन कसलं?’

प्रश्न रास्त आहे. पण सरकवून काम भागतंच असं नाही. समीकरण UV = VU हे घेऊन बघू, म्हणजे क्रम बदलला तरी गुणाकार तोच.

दोन युनिटरी मॅट्रिक्स (आकड्यांचे चौरस तक्ते) घ्या, म्हणजे सदिशाची लांबी न बदलणाऱ्या. १००० × १००० आकाराच्या. पहिली, U, प्रत्येक घटक एक घर पुढे सरकवते आणि शेवटचा फिरून पहिल्या जागी आणते. दुसऱ्या, V, मध्ये कर्णावर १ ची हजारावी मुळं (ज्यांचा हजारावा घात १ येतो ते संमिश्र आकडे) क्रमाने मांडलेली, बाकी सगळी शून्यं. UV आणि VU यांच्यात फक्त एका हजाराव्या मुळाच्या गुणाकाराचा फरक पडतो, म्हणून UV − VU चा नॉर्म, म्हणजे सर्वांत वाईट दिशेतली चूक, जेमतेम ०.००६३ येतो. क्रम बदलला तरी गुणाकार जवळजवळ तोच. डॅन व्होइकुलेस्कू यांनी १९८३ मध्ये दाखवलं की अशा जोडीच्या आसपास क्रमनिरपेक्ष (UV = VU तंतोतंत पाळणारी) जोडी नसतेच. आकार कितीही वाढवा, UV − VU शून्याकडे जातो, पण क्रमनिरपेक्ष जोडीपर्यंतचं अंतर काही मिटत नाही.

का मिटत नाही, याचं रुय एक्सेल आणि टेरी लोरिंग यांनी १९८९ मध्ये दिलेलं कारण मला अजूनही भारी वाटतं, कारण त्याला निश्चयकापलीकडे (डिटरमिनंटपलीकडे) फारसं काही लागत नाही. VU पासून UV पर्यंत सरळ रेषेत जा आणि वाटेतल्या प्रत्येक मॅट्रिक्सचा निश्चयक संमिश्र प्रतलावर मांडत चला. दोन्ही टोकांचे निश्चयक सारखे, म्हणून वाट बंद होते. आपल्या जोडीसाठी ही वाट शून्याभोवती बरोबर एक फेरी मारते. क्रमनिरपेक्ष जोडीसाठी ती एका बिंदूवरच थांबलेली असते, म्हणजे फेऱ्या शून्य. एका जोडीतून दुसरीकडे हळूहळू सरकताना निश्चयक शून्यावर गेला नाही, तर फेऱ्यांची संख्या बदलूच शकत नाही. तो शून्यावर जायला U किंवा V निदान ०.४१ ने हलवावीच लागते. ०.००६३ च्या चुकीला ०.४१ ची दुरुस्ती!

मग तंतोतंत नियमाचा हट्ट सोडून ‘जवळजवळ’लाच नियम मानलं तर? एक्सेल यांनी तेच केलं. u आणि v हे दोन युनिटरी, अट एकच: uv − vu चा नॉर्म ε या ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको. या अटीतून तयार होणाऱ्या सर्वांत व्यापक सी-स्टार अल्जिब्राला (बेरीज, गुणाकार आणि नॉर्म असलेल्या, मॅट्रिक्ससारख्या घटकांच्या रचनेला) त्यांनी ‘सॉफ्ट टोरस’ म्हटलं (१९९३). ε शून्य असेल तर नेहमीचा टोरस मिळतो, मेदूवड्याचा पृष्ठभाग म्हणा. ε = २ ला अट निरर्थक होते, कारण दोन युनिटरींच्या गुणाकारांत त्याहून मोठा फरक पडूच शकत नाही; तिथे मुक्त गटाचा, म्हणजे u आणि v मध्ये कसलंच नातं नसलेला, अल्जिब्रा उरतो. मधे काय? ε दोनच्या खाली असेपर्यंत के-थिअरी (हळूहळू सरकवून न बदलणाऱ्या गोष्टींची मोजदाद) टोरसचीच राहते! वरच्या फेऱ्या मोजणारा घटक तिच्यात शाबूत असतो. २ ही सीमाही उगाच आलेली नाही: वाटेवरची मॅट्रिक्स शून्य निश्चयकाची व्हायची असेल, तर uvu*v* ला (u*, v* म्हणजे u, v चे व्यस्त) −१ ही आयगेनव्हॅल्यू हवी, म्हणजे एखाद्या दिशेत नुसतं चिन्ह उलटायला हवं, आणि तसं झालं की फरक नेमका २ भरतो.

आता इंजिनियरांच्या बाजूनेही थोडं. युनिटरींऐवजी दोन हर्मिशियन मॅट्रिक्स (कर्णाभोवती उलटवून संमिश्र संयुग्मी घेतलं तरी त्याच राहणाऱ्या) घेतल्या, तर सरकवून खरंच भागतं. हुआशिन लिन यांनी नव्वदच्या दशकात ते सिद्ध केलं. आणि युनिटरीच ठेवून फक्त नॉर्म बदलला, सर्वांत वाईट दिशेतली चूक न मोजता सगळ्या दिशांची सरासरी चूक मोजली, तरीही भागतं. तेव्हा पुढच्या वेळी विचारताना चूक कुठल्या नॉर्ममध्ये मोजताय, तेवढं आधी सांगा.