टाच वर, टाच खाली

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले, नाहीतरी दिवसभर डोक्यात हेच चालू होतं.

दोन वर्षं झाली मी फिटनेसवर लिहितेय. काय लिहिलं, तर पोट कसं कमी करायचं, घरच्या घरी स्क्वॉट, व्यायाम सकाळी की संध्याकाळी, प्रोटीन किती... म्हणजे सगळं जग जे लिहितं तेच, फक्त माझं थोडं उशिरा आणि थोडं गचाळ. स्क्वॉट कसे मारायचे हे गुगलवर टाकून बघा, वर मोठमोठ्या हॉस्पिटलांची पानं, खाली मोठी मासिकं, मग ते व्हिडिओवाले ज्यांच्याकडे कॅमेरा, लाइट, एडिटर आणि सिक्स पॅक सगळंच आहे. शिवाय पैसा आणि आरोग्य या दोन विषयांना गुगल जास्त बारीक चाळणी लावतं, चुकीची माहिती वाचून कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून. बरोबरच आहे ते. पण त्या चाळणीतून पहिली खाली पडणारी मीच ना.

मैत्रीण म्हणाली, अगं नीश शोध, म्हणजे एखादा छोटासा कोपरा ज्यावर फक्त तूच लिहितेस. मग एक अख्खी संध्याकाळ कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर कुठले शब्द टाकतात ते, शोधण्यात घातली. बायकांसाठी फिटनेस, चाळिशीनंतर फिटनेस, बिझी लोकांसाठी फिटनेस. प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवलेला. आणि बिझी लोकांसाठी ही काय नीश झाली का, स्वतःला बिझी न समजणारा एक माणूस दाखवा मला.

मग पाय मोडला. व्यायाम करताना वगैरे नाही हं, फोनमध्ये बघत जिना उतरत होते आणि शेवटची पायरी आहे हेच विसरले. डावा घोटा, सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघालं त्या दिवशीचा पाय मी विसरणार नाही. कातडीचे पापुद्रे निघत होते आणि पोटरी, म्हणजे पोटरी होती कुठे? घरी येऊन टेप लावली, उजवी 36 सेंटीमीटर, डावी 33. डाव्या पायातला मोजा चालता चालता घसरून बुटात गोळा व्हायचा. फिजिओ चांगली होती, तिने घोटा हलता केला, पाच व्यायामांचा झेरॉक्स हातात दिला आणि काही सेशननंतर म्हणाली, चालता येतंय ना आता, हळूहळू रुटीनला लागा.

हळूहळू म्हणजे नक्की कसं, हे कुणीच सांगेना.

कारण त्या झेरॉक्समध्ये शेवटचा व्यायाम होता टॉवेल पायाच्या बोटांनी ओढणे, आणि कुठलाही बिगिनर प्लॅन उघडला (मी स्वतः लिहिलेला धरून) तर पहिल्याच दिवशी जंपिंग जॅक. या दोघांच्या मधे काय? जिममध्ये विचारलं तर ट्रेनर म्हणाला, दुखत असेल तर नका करू. अरे, दुखतंय म्हणूनच तर विचारतेय. चढायला त्रास नव्हता, उतरताना वाट लागायची, कारण उतरताना मागच्या पायाचा घोटा पुढे वाकावा लागतो आणि सगळं वजन त्या एका पायाने, मांडी आणि पोटरीने मिळून, सावरत खाली सोडावं लागतं. माझा घोटा वाकत नव्हता आणि पोटरी 33. मग कठडा धरून लहान मुलासारखं एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. ऑफिसातले लोक मागे थांबायचे, कुणी काही बोलायचं नाही, तेच जास्त लागायचं.

तेव्हा रात्री अशीच जागी राहून शोधत बसायचे, प्लास्टर काढल्यावर जिना नीट कधी उतरता येतो. एकीकडे फ्रॅक्चरची पानं, ती सगळी डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून संपतात, दुसरीकडे तीस दिवसांत बीच बॉडी. मधली खुर्ची रिकामी, तिथे कुणाचाच रुमाल नाही. आणि हे मला नीश म्हणून नाही सुचलं, मी वाचायला गेले आणि काही नव्हतं, एवढंच झालं.

वाचता वाचता एक गंमत कळली. जिममध्ये आपण जे दहा-दहाचे तीन सेट मारतो ना, ते आलंय दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांकडून. थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन आर्मीतल्या डॉक्टरने त्यांचे वाळलेले पाय पुन्हा भरावेत म्हणून वाढत्या वजनाचे व्यायाम द्यायला सुरुवात केली, 1945 साली त्यावर पेपर लिहिला, आणि पुढे 1948 मध्ये तीन सेटचा हिशोब मांडला, जेमतेम दहा वेळा उचलता येईल त्या वजनाच्या आधी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. म्हणजे मोडलेल्या माणसांसाठी काढलेली गोष्ट धडधाकटांनी उचलली आणि मोडलेल्यांना हातात काय, तर टॉवेल.

आणखी एक, हे आधी माहीत असतं तर प्लास्टरमधले सहा आठवडे मी फक्त सिरीज बघण्यात घालवले नसते. एका बाजूच्या हातापायाला व्यायाम दिला की दुसऱ्या बाजूचीही ताकद थोडी वाढते. 1894 मध्येच येल विद्यापीठात स्क्रिप्चर नावाच्या माणसाने हे नोंदवलंय. वाढ होते ती मुख्यतः मेंदू आणि नसांच्या पातळीवर.

तर आता मी फक्त एवढंच लिहिते. घोटा मोडलाय, हाड जुळलंय असं डॉक्टरांनी सांगितलंय, फिजिओ संपलंय, आणि जिम अजून झेपत नाहीये. तेवढ्या तीनचार महिन्यांबद्दल. टाच कशी उचलायची यावर तीन लेख झालेत! आधी दोन्ही पायांवर वर आणि दोन्हीवर खाली, मग दोन्हीवर वर आणि एकावर हळूच खाली, मग सगळं एकावर. मैत्रीण म्हणते, वेडी आहेस का, एवढ्याशा विषयावर कोण वाचणार. वाचतात. आधी वाचकांचा आकडा मोठा होता पण लोक यायचे आणि जायचे, आता आकडा लहान आहे आणि लोक स्वतःच्या पोटरीची मापं पाठवतात.

2022 च्या डिसेंबरात गुगलने, शोधात येणारी पानं कशी आहेत ते तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या नियमावलीत, लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव हा निकष वेगळा घातला. त्याने शोधातला रँक थेट वर जात नाही, माझाही उडी मारून वर गेलेला नाही. पण हॉस्पिटलच्या पानाला घसरणाऱ्या मोज्याबद्दल लिहिता येत नाही हे खरं.

आता झोप का येत नाहीये ते. आज एकाचा मेसेज आला, ‘आज जिना सरळ उतरलो मॅडम, कठडा न धरता. थँक्यू. आता बहुतेक तुमचं वाचायची गरज पडणार नाही.’ इतका आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, की मी असा धंदा निवडलाय ज्यात गिऱ्हाईक खूश झालं की निघून जातं. मोठ्यांना हा प्रॉब्लेम नाही, पोट काय कुणाचं कायमचं कमी होत नाही.

आणि त्याच्याच खाली दुसरा मेसेज, मनगटाचं प्लास्टर निघालंय, त्यावर पण लिहा ना. संध्याकाळभर मोह होत होता. मनगट, मग गुडघा, मग खांदा, मग काय, परत सगळ्यांसाठी सगळं. पण मनगटाचं मला काय माहीत? माझा घोटा मोडला होता. तसंच लिहून पाठवलं तिला, जरा वाईट वाटलं.

आत्ता उठून भिंतीला हात टेकवून टाचा मोजल्या. उजवी पंचवीस आरामात. डावी सतरा, अठरावी उचलली पण अर्ध्यात थरथरली आणि खाली आली. ती धरत नाही मी.