तुम्ही विचारलंत म्हणून: गळ्यात फिल्म, सल्ला डिजिटल

स्पितीला, लडाखला नाहीतर अरुणाचलच्या आतल्या भागात निघालेलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, फिल्म नेऊ की डिजिटल?" माझ्या गळ्यात निकॉनचा एफएम२ हा जुना फिल्म कॅमेरा असतो, त्यामुळे मी "फिल्मच ने" म्हणणार हे त्यांनी धरलेलं असतं. मी म्हणते, डिजिटल ने. मग चेहरे पडतात.

आडबाजूला गेलं की फोटो किती सुंदर येईल हे नंतर बघायचं. काही बिघडलं तर ते तुम्हाला कधी कळणार, हे आधी. मुंबईत शटर अडकलं तर फोर्टला बोरा बाजारात जाऊन दाखवता येतं. स्पितीतल्या काझा गावात कुणाला दाखवणार? डिजिटलचा घोळ तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतो. दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) काढता येते, नाहीतर फोनवर भागवता येतं. फिल्मचा घोळ कळतो तो घरी येऊन रोल धुवायला टाकल्यावर, आणि तोवर स्पितीतल्या 'की' नावाच्या गोंपावरचा (बौद्ध मठावरचा) तो उजेड गेलेला असतो.

सॅम्युएल बॉर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर १८६६ मध्ये स्पितीजवळच्या मणिरंग खिंडीत पोचला होता, साधारण १८,६०० फुटांवर. तेव्हा काचेच्या प्लेटवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तंबूत धुवायची, अशी पद्धत. सामान वाहायला हमालांचा तांडा. एवढा सगळा उपद्व्याप, पण प्लेट फसली तर बॉर्नला जागेवर कळायचं. ही सोय मधल्या शंभरेक वर्षांत रोलने आपल्याकडून काढून घेतली आणि डिजिटलने परत दिली, तीही हमालांशिवाय. म्हणून "खरी, जुन्या पद्धतीची फोटोग्राफी म्हणजे रोल" असं कुणी म्हटलं की मला बॉर्न आठवतो.

फिल्मच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. १८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन सोबती आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरून बलूनमधून उत्तर ध्रुव गाठायला निघाले, ते परतलेच नाहीत. १९३० मध्ये क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, त्यात फोटो काढून झालेली फिल्मही होती. ३३ वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्मवरून जॉन हर्ट्झबर्गने ९३ फोटो वाचवले. मेमरी कार्डाची अशी हमी मी तरी देणार नाही. पण तुम्ही दहा-पंधरा दिवसांत परत येणार आहात ना?

डिजिटलचं खरं दुखणं वीज. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अर्धी भरलेली बॅटरीही शून्य दाखवायला लागते. ती संपलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवली की बऱ्याचदा पुन्हा चालते. म्हणून तीन बॅटऱ्या न्यायच्या, एक कॅमेऱ्यात आणि दोन स्वेटरच्या आत. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. मात्र ती आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच हव्यात. कॅमेरा यूएसबी-सीवर चार्ज होणारा असेल तर तिच्यातून त्याची बॅटरी तीनेक वेळा भरते. होमस्टेमध्ये वीज आली की आधी पॉवर बँक लावायची, फोन नंतर.

तरीही फिल्म न्यायचीच असेल तर पूर्ण मेकॅनिकल बॉडी न्या. एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० ला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. ती गेली तरी शटर पडतं, आणि लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ आणि फिल्मच्या आयएसओएवढा शटर स्पीड ठेवला की काम होतं. पण "मेकॅनिकल आहे, त्याला काय होतंय" हेही खरं नाही. जुनं वंगण थंडीत घट्ट होतं आणि शटर रेंगाळतं. निघायच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या.

बोटं बधिर असताना रोल भरण्याची सवय मात्र घरीच करायला हवी, डोळे मिटून. रोलचं टोक स्पूलच्या खाचेत घालायचं, मागचं झाकण लावायचं, मग डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढील काढायची. आता फिल्म पुढे सरकवताना त्या कळीकडे बघायचं. ती आपोआप फिरली तर रोल पकडलाय. नाही फिरली तर काउंटर छत्तीसपर्यंत जाईल आणि रोल कोराच राहील. कडाक्याच्या थंडीत फिल्म सरकवायचा लिव्हर सावकाश ओढायचा. कोरड्या हवेत फिल्म झपकन खेचली की स्थिर विजेच्या बारीक रेघा उमटतात, आणि गारठलेली फिल्म तुटतेही.

रोल विमानात चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, तिथलं स्कॅनिंग फिल्म खराब करतं. हातातल्या बॅगेत, डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि सुरक्षा तपासणीत हाताने तपासायची विनंती करा. ती मानणं न मानणं त्यांच्या हातात. सीटी स्कॅनर (फिल्मला तो जास्त घातक) असेल तर विनंती जरा जोर लावून करा.

स्पितीच्या वाऱ्यात धूळ दोघांनाही छळते. लेन्स बदलताना सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतो. फिल्मला दर फोटोला नवी जागा मिळते, पण एक खडा आत अडकला तर अख्ख्या रोलवर सरळ चरा. त्यावर उपाय, लेन्स बदलायचीच नाही. २४ ते १०५ मिमीची एक झूम लेन्स बसवून टाका. पोर्ट्रेटसाठी वेगळी प्राइम (झूम न होणारी लेन्स) लागते म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, निदान पहिल्या खेपेला.

"मग तुम्ही का नेता फिल्म?" हा लगेच येणारा प्रश्न. माझ्या फोटोंची कुणी वाट बघत नसतं म्हणून. ऑफिसला द्यायचे नसतात, कुणाला वचन दिलेलं नसतं. रोल आणि धुलाई-स्कॅन धरून खर्च चार आकडी होतो, तो माझा शौक आहे. डिजिटल बॉडी बॅगेत असतेच. तिच्यावर काढलेला फोटो गावातल्या आजीला तिथेच दाखवता येतो. रोलवरचा दाखवणार कसा?

शेवटचं, वजन. सगळं भरलेली बॅग पाठीला (लोकलमध्ये पुढे, छातीशी) लावून सकाळच्या गर्दीत एकदा ठाण्याहून सीएसएमटीला या, आणि रविवारी कर्जतहून राजमाचीला चढा. जे बाहेर काढावंसं वाटेल ते घरीच ठेवा. त्यात बहुधा पहिला नंबर ट्रायपॉडचा लागतो. पण लडाखमधल्या हनलेला जाणार असाल तर तो बॅगेतच राहू द्या. तिथल्या काळ्याभोर आकाशासाठी ती जागा २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र) झाली, आणि लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवलं की, साधी फिल्म मंद पडत जाते, तेव्हा रात्रीचं काम डिजिटलचंच. वारा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग लटकवा.